विद्युत गिटारच्या ‘पिकअप’ची निवड : बर्मिंगहॅमचे हेवी मेटल आणि कोकणचा बेंजो – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विद्युत गिटारमध्ये तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या भागास ‘पिकअप’ म्हणतात. हेवी मेटल या संगीतप्रकारासाठी कोणता पिकअप निवडावा, हा प्रश्न सामान्यतः वादकाच्या आवडीचा किंवा खरेदीचा मानला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाकडे तंत्रज्ञानाच्या व श्रमजीवी संस्कृतीच्या इतिहासाचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. १९३० च्या दशकातील शोधापासून आजपर्यंतची पिकअपची वाटचाल, मुंबईतील रॉक-मेटल परंपरा आणि रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी परिचित असलेला विद्युत बेंजो यांचा एकत्रित विचार करून निवडीचे निकष काळानुसार व स्थळानुसार कसे बदलत गेले, हे दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजशब्द : पिकअप, हंबकर, हेवी मेटल, बेंजो, गिरणगाव, ध्वनिप्रदूषण नियम.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी युवा महोत्सवाच्या तयारीच्या दिवसांत एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे साधी, स्वस्तातली विद्युत गिटार होती आणि तिचा पिकअप बदलण्यापुरते पैसे त्याने साठविले होते. हेवी मेटल वाजवायचे तर कोणता पिकअप घ्यावा, असा त्याचा प्रश्न होता. इतिहासाच्या प्राध्यापकाकडे या प्रश्नाचे उत्तर असण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच बोलण्यात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील गावच्या मंडळात बेंजो वाजवीत असत. घरात पडून असलेला तो जुना बेंजो त्याने उघडून पाहिला होता. “सर, आतला पिकअप आणि माझ्या गिटारचा पिकअप एकच आहे,” असे तो म्हणाला.

हे विधान तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, एवढाच ऐवज दोन्हीकडे असतो. तरीही एका वाद्याच्या पिकअपविषयी परदेशात ग्रंथ लिहिले गेले, त्याच्या निर्मात्यांची चरित्रे नोंदविली गेली; दुसऱ्या वाद्याच्या पिकअपविषयी मात्र आपल्याकडे लिखित स्वरूपात फारसे काही आढळत नाही. हा फरक वस्तूत नाही, इतिहासलेखनात आहे. प्रस्तुत निबंधाची प्रेरणा तेथे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पिकअपच्या तांत्रिक विकासाचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) हेवी मेटलच्या उदयकाळी पिकअपची निवड कोणत्या परिस्थितीत झाली, याचा शोध घेणे.
३) मुंबई व कोकणातील विद्युत वाद्यांच्या परंपरेशी या इतिहासाची तुलना करणे.
४) निवडीचे निकष ऐतिहासिक परिस्थितीशी कसे निगडित असतात, हे स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने केला आहे. त्यासाठी प्रकाशित दुय्यम साहित्याचा आधार घेतला असून रत्नागिरी परिसरातील गणेशोत्सव, शिमगा व लग्नाच्या वराती यांतील वादनाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाची त्यास जोड दिली आहे. जेथे विधान निरीक्षणावर किंवा अनुमानावर आधारलेले आहे, तेथे तसे नमूद केले आहे.

१. पिकअपची रचना व जन्म

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतदाब निर्माण होतो, हे विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडले. पिकअप हे त्याचेच उपयोजन होय. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की चुंबकीय क्षेत्र डोलते आणि भोवतीच्या वेटोळ्यात तसाच डोलणारा विद्युतदाब उत्पन्न होतो. हा दाब अत्यल्प असतो. त्यास ॲम्प्लिफायरने मोठे करावे लागते. तार पोलादाची असणे ही येथे पूर्वअट आहे. नायलॉनच्या किंवा आतड्याच्या तारेवर असा पिकअप मुका राहतो.

अमेरिकेत जॉर्ज बोशाँ यांनी या तत्त्वावर मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन पद्धतीची गिटार तयार केली. १९३१ मध्ये तिचा नमुना सिद्ध झाला आणि १९३२ पासून ती विक्रीस आली. आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ असे गमतीचे नाव मिळाले. बोशाँ यांना तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. दरम्यान १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही विद्युत गिटार बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये गिब्सनचा ‘पी-९०’ हा पिकअप आला. १९५० मध्ये लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार आणि १९५४ मध्ये त्यांचीच ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. हे सर्व पिकअप एकेरी वेटोळ्याचे होते. फेंडरच्या एका पिकअपवर साधारण आठ हजार वेढे घेतले जात. त्यासाठी लागणारी तार केसाइतकी बारीक, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर व्यासाची असे. सरळ केली तर ती जवळपास एक किलोमीटर भरेल.

चुंबकांचा इतिहासही येथे लक्षात घेतला पाहिजे. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या ‘अल्निको’ चुंबकांचे मूळ जपानी शास्त्रज्ञ तोकुशिची मिशिमा यांच्या १९३१ मधील संशोधनात आहे. पुढे १९५० च्या दशकात स्वस्त फेराइट, म्हणजे ‘सिरॅमिक’ चुंबक प्रचारात आले. पिकअपच्या निवडीत आज ‘अल्निको की सिरॅमिक’ असा जो प्रश्न विचारला जातो, त्याच्या मागे धातुशास्त्राचा व किमतीचा हा इतिहास आहे.

२. गुणगुणीचा प्रश्न आणि हंबकर

एकेरी वेटोळे तारेचे कंपन जसे टिपते, तसेच भोवतालच्या वीजवाहिन्या व ट्रान्सफॉर्मर यांचे क्षेत्रही टिपते. त्यामुळे ध्वनिवर्धकातून सतत गुणगुण ऐकू येते. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, तर भारत व ब्रिटन येथे ५० हर्ट्झ आहे. या गुणगुणीत मूळ वारंवारतेबरोबर तिच्या पटीतील १००, १५० हर्ट्झचे उपस्वरही मिसळलेले असतात.

गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी यावर उपाय योजला. दोन वेटोळी शेजारी ठेवावयाची; एकाचे चुंबकीय ध्रुव दुसऱ्याच्या उलट आणि एकाची जोडणीही दुसऱ्याच्या उलट. बाहेरून येणारी गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत विरुद्ध दिशांनी निर्माण होऊन परस्परांस छेद देते. तारेचा संकेत मात्र ध्रुव व जोडणी दोन्ही उलट असल्यामुळे बेरजेत येतो. लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९५९ मध्ये ते मंजूर झाले. गुणगुण हटविणारा म्हणून या पिकअपला ‘हंबकर’ हे नाव पडले. हे तत्त्व ध्वनितंत्रात अगदीच अपरिचित नव्हते. त्याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच कंपनीसाठी असाच पिकअप तयार केला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. लव्हर यांच्यासमोर हेवी मेटल नव्हते. ते संगीत अद्याप जन्मास आलेच नव्हते. त्यांना स्वच्छ आवाज हवा होता. फाटलेल्या आवाजाचे सर्वांत प्रभावी साधन स्वच्छतेच्या ध्यासातून निर्माण झाले, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास आहे.

३. बर्मिंगहॅम : अपघातातून झालेली निवड

हेवी मेटलचा आरंभ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदापासून सामान्यतः मानला जातो. त्यांचे गिटारवादक टोनी आयोमी यांचा जन्म १९४८ चा. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. आयोमी डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांवर टोप्या बनविल्या, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी स्वर खाली उतरविले. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत अनेक गीतांत गिटार नेहमीपेक्षा दीड स्वराने खाली लावलेली आहे. गडद, जड वाटणाऱ्या या आवाजामागे सौंदर्यविचाराइतकीच कारखान्यातील दुखापतही आहे.

पिकअपच्या बाबतीतही असेच घडले. १९६९ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम सुरू असताना आयोमी यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप निकामी झाला. तो तत्काळ दुरुस्त होण्यासारखा नसल्यामुळे त्यांनी राखून ठेवलेली गिब्सन ‘एसजी’ हाती घेतली आणि उरलेले मुद्रण तिच्यावर केले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्या ‘एसजी’वरील पिकअप ‘पी-९०’ जातीचे, म्हणजे एकेरी वेटोळ्याचे होते. हेवी मेटल म्हणजे हंबकर, हे आजचे समीकरण या प्रकाराच्या आरंभबिंदूपाशीच लागू पडत नाही. ज्या आवाजाला पुढे आदर्श मानले गेले, तो एका नादुरुस्त भागामुळे झालेल्या नाइलाजाच्या बदलातून आला होता.

४. बदली पिकअपचा व्यापार : १९७२ नंतर

१९७० पर्यंत गिटारबरोबर जो पिकअप येई, तोच वादक वापरीत. स्वतंत्रपणे पिकअप विकत घेऊन बदलणे ही कल्पना त्यानंतर रुजली. लॅरी डिमार्झिओ यांचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा पिकअप १९७२ मध्ये आला. सिरॅमिक चुंबक व अधिक वेढे यांमुळे त्याचा संकेत गिब्सनच्या मूळ हंबकरपेक्षा बराच प्रबळ होता. १९७६ मध्ये सीमोर डंकन यांची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी रॉब टर्नर यांनी पुढे ‘ईएमजी’ म्हणून प्रसिद्ध झालेला व्यवसाय आरंभिला. ईएमजीच्या पिकअपमध्ये वेटोळ्यावर वेढे कमी घेऊन आतच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे संकेतवर्धक मंडल बसविलेले असते. अशा पिकअपला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात. ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाने १९८० च्या दशकात ‘ईएमजी ८१’ वापरल्यावर मेटल वादकांत त्याचा मोठा प्रसार झाला.

प्रबळ पिकअप त्या काळी का हवे होते, याचे कारण ॲम्प्लिफायरमध्ये आहे. त्या वेळच्या ॲम्प्लिफायरची क्षमता मर्यादित होती. त्यांचा आवाज ‘फाटावा’ यासाठी संकेतच जोरकस द्यावा लागे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कमी आवाजातही फाटलेला स्वर देणारे ॲम्प्लिफायर उपलब्ध झाले आणि पुढील दशकांत त्यांची क्षमता वाढतच गेली. म्हणजे ज्या गरजेपोटी प्रबळ पिकअप जन्मास आले, ती गरज बरीचशी संपली. परंतु ‘मेटलसाठी सर्वांत जोरदार पिकअप घ्यावा’ हा सल्ला मात्र टिकून राहिला. परिस्थिती बदलल्यानंतरही निकष रूढी म्हणून उरतो, हे सामाजिक इतिहासात वारंवार दिसणारे सत्य येथेही प्रत्ययास येते.

या व्यापारात एका कामगार स्त्रीचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. अबिगेल इबारा या १९५६ मध्ये फेंडर कंपनीत दाखल झाल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत वेटोळी गुंडाळत राहिल्या. त्यांच्या हातच्या पिकअपला वादकांत विशेष मान आहे. वेढे घेणाऱ्या हाताचा ताण व लय यांचा आवाजावर परिणाम होतो, असे मानणाऱ्यांनी या कामगार स्त्रीला इतिहासात स्थान दिले. आपल्याकडील स्थितीशी तुलना करताना हा मुद्दा पुन्हा उपस्थित होईल.

५. मुंबई : रंगभवन ते वांद्रे-कुर्ला संकुल

मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक. १९८८ मध्ये त्यांची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि १९९३ मध्ये वाद्यवृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९८६ पासून धोबी तलावाजवळील रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळावा भरू लागला. २००० मध्ये ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि त्यानंतर ‘भयानक मौत’ यांसारखे कडक मेटल वाजविणारे वाद्यवृंद मुंबईत उदयास आले. ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश वाद्यवृंदाने २००७ मध्ये बंगळूर येथे आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वादन केले.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी वाद्ये व त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण होते. परदेशी जाणारे नातलग, बोटीवर काम करणारे ओळखीचे यांच्यामार्फत वस्तू येत. अशा काळात ‘निवड’ हा शब्दच मर्यादित अर्थाने वापरावा लागतो. जे हाती आले ते वाजविणे आणि बिघडले तर येथेच दुरुस्त करून घेणे, हीच रीत होती. आज पिकअप घरपोच मागविता येतो. तेव्हा निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आपल्याकडे गेल्या दोन-तीन दशकांतला आहे.

६. जपान ते कोकण : बेंजोचा प्रवास

कोकणात ज्यास ‘बेंजो’ म्हणतात, त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारेची लांबी बदलावयाची व दुसऱ्या हातातील नखीने तार छेडावयाची, अशी त्याची रचना आहे. हे वाद्य दक्षिण आशियात पसरले. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले, बलुचिस्तानात ‘बेंजू’ झाले आणि मुंबई-कोकणात ‘बेंजो’. शास्त्रोक्त शिक्षणाशिवाय, कळा ओळखून चाल बसविता येत असल्यामुळे ते श्रमजीवी वर्गात लवकर रुजले.

रत्नागिरी जिल्हा व मुंबईच्या कापड गिरण्या यांचे नाते सर्वज्ञात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील माणसे गिरणगावात जात राहिली. लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांत गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या होत्या. तेथेच भजनी मंडळे, नाटक मंडळ्या व वाद्यवृंद उभे राहिले. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी हा पुढे ठरलेला भाग झाला. चाकरमानी गणपतीला व शिमग्याला गावी येत, तेव्हा मुंबईच्या चाली व वाद्ये त्यांच्याबरोबर कोकणात येत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे रूप पालटले; अनेक कुटुंबे गावी परतली. बेंजो पार्टी मात्र टिकली. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांच्या जीवनावर आधारलेला होता.

मिरवणुकीत ताशा, ढोल व ड्रम यांच्यापुढे लाकडी पेटीचा मूळ आवाज टिकणे शक्य नव्हते. बेंजोच्या तारा पोलादी असल्यामुळे त्यांखाली चुंबकीय पिकअप बसविता आला आणि आवाज ॲम्प्लिफायरमार्फत भोंग्यातून बाहेर पडू लागला. येथे स्पर्शाने कंपन टिपणाऱ्या पिकअपचाही पर्याय होता. परंतु तो कळांची खटखट व शेजारच्या ढोलाचा हादराही टिपतो आणि भोंगा जवळ असता शिटी मारतो. चुंबकीय पिकअप प्रामुख्याने तारेचेच ऐकतो. रस्त्यावर वाजविणाऱ्या वादकाच्या दृष्टीने ही निवड पूर्णतः तर्कशुद्ध होती.

भोंग्याचा येथे विशेष विचार केला पाहिजे. भोंगा खालचे स्वर जवळजवळ देत नाही. मधल्या पट्टीतील स्वर मात्र दूरवर फेकतो. त्यामुळे एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची ५० हर्ट्झची गुणगुण भोंग्यातून फारशी ऐकू येत नसावी आणि म्हणूनच बेंजोसाठी दुहेरी वेटोळ्याची निकड भासली नसावी, असे अनुमान करता येते. क्षमतेबाहेर चालविलेल्या ॲम्प्लिफायरमधून येणारा बेंजोचा तो ‘फाटलेला’ आवाज आणि बर्मिंगहॅमच्या गिटारचा फाटलेला आवाज यांची भौतिक प्रक्रिया एकच आहे. संकेताची टोके कापली जातात आणि नवे उपस्वर निर्माण होतात. दोन्ही आवाज कारखान्यांच्या वस्तीत ऐकू आले, ही बाबही दुर्लक्षिता येत नाही. मात्र या साम्यावरून परस्पर प्रभावाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ही समांतर वाटचाल आहे, उसनवारी नव्हे.

७. निवडीचे निकष : इतिहासाच्या प्रकाशात

वरील विवेचनाच्या आधारे हेवी मेटलसाठी पिकअप निवडताना पुढील निकष मांडता येतात.

(अ) गुणगुण : ॲम्प्लिफायर संकेत जितका वाढवितो, तितकीच गुणगुणही वाढवितो. आजच्या तीव्र मेटलमध्ये झटक्याने थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या स्वरसमूहांना महत्त्व आहे. त्या विरामांत गुणगुण असह्य होते. म्हणून हंबकर ही येथे आवड नसून गरज आहे. मात्र अर्थिंग सदोष असेल किंवा दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेली असतील, तर त्यातून येणारी गुणगुण कोणताही हंबकर थांबवू शकत नाही. मांडवातल्या तात्पुरत्या वीजजोडणीत हा दोष नेहमी आढळतो, आणि तो आवाजाआधी जिवाचा प्रश्न असतो.

(आ) वेढे व रोध : वेढे वाढविले की संकेत वाढतो, परंतु वरचे उपस्वर दबतात. फेंडरच्या एकेरी पिकअपचा रोध साधारण ६ किलोओहम, गिब्सनच्या जुन्या हंबकरचा ८ च्या आसपास, तर प्रबळ बदली पिकअपचा १३ ते १६ पर्यंत असतो. केवळ हा आकडा पाहून निवड करणे योग्य नाही. तारेची जाडी बदलली तरी रोध बदलतो.

(इ) चुंबक : सिरॅमिक चुंबकाच्या प्रबळ पिकअपमध्ये खालचे स्वर घट्ट व आघात स्पष्ट येतो, तर अल्निकोमध्ये काहीसा मऊपणा राहतो, असा वादकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. खाली उतरविलेल्या स्वरांसाठी घट्टपणा उपयुक्त ठरतो.

(ई) स्थान व उंची : घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण, तर मानेजवळचा गोल स्वर देतो. मेटलची तालबद्ध साथ प्रामुख्याने घोडीजवळच्या पिकअपवर होते. पिकअप तारेच्या फार जवळ आणल्यास चुंबक तारेला ओढतो व स्वर डळमळतो. उंचीचा स्क्रू फिरविण्यास पैसे लागत नाहीत. तेव्हा नवा पिकअप घेण्यापूर्वी तो फिरवून पाहावा.

(उ) ॲक्टिव्ह की पॅसिव्ह : ॲक्टिव्ह पिकअप शांत असतो व लांब केबलमुळे त्याचे वरचे स्वर फारसे हरवत नाहीत. परंतु ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली तर आवाजच जातो.

(ऊ) हवामान : कोकणातील खारी, दमट हवा तारा, जोडण्या व उघडी वेटोळी यांस मारक आहे. मेणात बुडविलेले किंवा बंदिस्त पिकअप येथे अधिक टिकाऊ ठरतात. मेणामुळे वेटोळे सैल राहून शिटी मारण्याचा दोषही टळतो.

या सर्वांचा मेळ घातला असता, आजच्या विद्यार्थ्याने घोडीजवळ मध्यम शक्तीचा, मेणात बुडविलेला हंबकर बसविणे पुरेसे आहे, असे दिसते. सर्वांत जोरदार पिकअपचा आग्रह हा १९७२ च्या ॲम्प्लिफायरसाठी होता.

८. नाद, गोंगाट आणि कायदा

या इतिहासाचा शेवटचा टप्पा तांत्रिक नसून सार्वजनिक आहे. केंद्र शासनाच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धकास मनाई आहे. वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यास नंतर मिळाला. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात या नियमांस बळकटी दिली. शांतता क्षेत्रात येत असल्यामुळे रंगभवनातील मैफली बंद पडल्या आणि मेटलचे मुंबईतील मोक्याचे व्यासपीठ गेले. बेंजो पार्टीलाही वेळेची तीच मर्यादा आली.

या नियमांची आवश्यकता निर्विवाद आहे. वृद्ध, रुग्ण व अभ्यास करणारे विद्यार्थी यांचा शांततेवरील हक्क कोणत्याही वाद्याहून मोठा आहे. तथापि, मर्यादा आवाजाच्या पातळीवर असते, त्याच्या जातीवर नसते. फाटलेला आवाज म्हणजे मोठा आवाज, असा जो समज आहे, तो तांत्रिकदृष्ट्या खरा नाही. आजचे ॲम्प्लिफायर बंद खोलीतही, बोलण्याच्या पातळीवर तोच स्वर देऊ शकतात. उलट, डीजेच्या भिंतींतून येणारा अजिबात न फाटलेला खालचा स्वर घरांची तावदाने हलवितो. मिरवणुकीत या भिंतींनी माणसाच्या हातचे वादन मागे रेटले आहे. बेंजोच्या एका पार्टीत दहा-बारा जणांना काम मिळते. ध्वनिमुद्रित संगीतासाठी एक माणूस पुरतो.

निष्कर्ष

१) पिकअपची निवड हा निव्वळ आवडीचा प्रश्न नसून ॲम्प्लिफायर, वीजपुरवठा, स्थळ, हवामान व उपलब्धता यांनी घडविलेला ऐतिहासिक निर्णय असतो.
२) हेवी मेटलचा मूळ आवाज हंबकरवर नव्हे, तर नाइलाजाने हाती घेतलेल्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपवर सिद्ध झाला. हंबकरची अपरिहार्यता नंतर, ॲम्प्लिफायरची क्षमता वाढल्यावर आली.
३) कोकणातील विद्युत बेंजो ही परक्या तंत्रज्ञानाची नक्कल नव्हे. रस्ता, भोंगा व ताशा या परिस्थितीस वादकांनी व कारागिरांनी दिलेले ते स्वतंत्र उत्तर आहे.
४) फेंडर कंपनीत वेटोळी गुंडाळणाऱ्या कामगार स्त्रीचे नाव जगास ठाऊक आहे; आपल्या बेंजोचे पिकअप गुंडाळणाऱ्या कारागिरांची नावे त्यांच्या गल्लीबाहेर कोणास ठाऊक नाहीत. ही पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे. महाविद्यालयांतील इतिहास, पदार्थविज्ञान व संगीत या विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील बेंजोवादक व कारागीर यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्यास आणि जुन्या पिकअपचे वेढे, चुंबक व रोध यांची नोंद केल्यास हा इतिहास वाचू शकेल. पदवीच्या प्रकल्पासाठी यास मल्टिमीटर, वही व थोडी चिकाटी एवढेच साहित्य लागेल.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने अखेर नवा पिकअप घेतला नाही. त्याने आधी जुन्याची उंची बदलली, जोडणीतील सैल तार डागून घेतली आणि उरलेल्या पैशांत वडिलांच्या बेंजोला नव्या तारा आणल्या. तो बेंजो त्या वर्षी गणपतीत पुन्हा वाजला. त्या पिकअपचे वेटोळे कोणी गुंडाळले होते, हे त्याच्या वडिलांना आठवत होते. त्यांनी ते नाव सांगितले, गाव सांगितले. आणि अशा नोंदींची सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले.